कपाटात कुलूपबंद झालेली वही

बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी पीयूसी (कर्नाटकातली बारावी) सायन्स ८७ टक्क्यांनी पास झाली, नीटला ७२० पैकी ३४८ पडले. वडिलांनी मंगळूरकडच्या एका हॉस्टेलवर लाँग टर्मला, म्हणजे नीट पुन्हा देण्यासाठीच्या वर्षभराच्या क्लासला, नाव घातलं आहे, पैसेही भरलेत. मुलगी म्हणते, मला वनस्पतींतल्या द्रव्यांवर काम करायचंय, नसांच्या दुखण्यावरचं औषध शोधायचंय. घरात आजी आहेत. वर्षापूर्वी त्यांना नागीण झाली, फोड सुकले, पण बरगडीखालची आग अजून थांबलेली नाही. मुलगी त्या दुखण्याची रोज नोंद ठेवायची. वडिलांनी ती वही काढून घेतली, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि एका पानाचा फोटो मला पाठवला. खाली लिहिलं, ‘अभ्यास सोडून हिचे हे उद्योग.’

नमस्कार.

तुमच्या पत्रात मार्क आहेत, फी आहे, भावकीत कुणाकुणाची मुलं डॉक्टर झाली त्याची नावं आहेत. आणि मध्येच एक वाक्य आहे: ‘दीड महिना झाला, आमच्यासंगं जेवायला बसत नाही, पण अभ्यास चालू आहे.’ त्या ‘पण’पाशी मी थांबले. मुलगी घरात असून ताटावर येत नाही, हे तुम्हाला दिसलं आहे, म्हणून तर तुम्ही ते लिहिलंत. मग पुस्तक उघडं दिसलं की तुम्ही समाधान मानून घेता. दीड महिना गप्प राहिलेल्या मुलीला चारशे किलोमीटरवर नव्या हॉस्टेलमध्ये सोडून येणं मला धोक्याचं वाटतं. नीटचा विचार नंतर करू. आधी ती ताटावर यायला हवी, आणि त्यासाठी पहिलं पाऊल तुम्हालाच टाकायचं आहे.

‘भावकीत सांगून बसलोय, आता मागं कसं फिरू’ असंही तुम्ही लिहिलंय. स्पष्ट सांगते, हे ओझं तुमचं आहे. अठरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ते देऊ नका. लाँग टर्म करून मार्क वाढलेली मुलं मी पाहिली आहेत, पण त्यांना स्वतःला पुन्हा बसायचं होतं. ढकलून बसवलेल्या मुलांची दुसरी परीक्षा पहिलीपेक्षा अवघड जाते, कारण तोवर त्यांचा स्वतःवरचा विश्वास गेलेला असतो.

आता ते पान. तुम्हाला त्यात उद्योग दिसले. मी तीस वर्षं मुलांच्या वह्या बघते आहे, मला त्यात काय दिसलं ते ऐका. तारीख, वेळ, काय लावलं, आणि आग ० ते १० मध्ये किती. खोबरेल तेल, ६. हळद, ६. ‘लुगड्याचा पदर लागला तरी झोंबतं,’ अशी बाजूला नोंद. आणि आठवड्यातले दोन दिवस ‘काहीच लावलं नाही,’ तरीही ६ आणि ५. हे दोन रिकामे दिवस तिला कुणी शिकवले? काही न लावता दुखणं किती असतं हे माहीत नसेल, तर लावलेल्या औषधानं काय केलं ते कळणारच नाही. औषधांच्या चाचण्या याच पायावर उभ्या असतात, आणि दुखण्याच्या बाबतीत तर फारच, कारण दुखणं थर्मामीटरनं मोजता येत नाही, माणसाला विचारावंच लागतं. ही मुलगी आजीला विचारत होती. ती वही आज तिच्या हातात परत द्या. माफी मागवत नसेल तर मागू नका, पण कुलूप तुम्हीच उघडा.

त्याच पानावर आणखी एक नोंद आहे: ‘मामीनं सांगितलं म्हणून मिरचीचं तेल लावलं. ९. आजी दोन तास रडली. परत नको.’ तुम्ही लिहिता, ‘झाडपाल्याला साईड इफेक्ट नसतो, हजार वर्षांपासून सगळं माहीत आहे, त्यात ही काय नवीन शोधणार?’ तुमच्या या वाक्याला तुमच्याच घरातल्या पानानं उत्तर दिलंय. अंगणातली सदाफुली घ्या. तिच्यातून व्हिन्क्रिस्टिन मिळतं. रक्ताच्या कर्करोगात त्यानं असंख्य मुलं वाचवली, पण तेच औषध हातापायांच्या नसांना इजा करतं, मुंग्या येतात, आग होते, आणि म्हणून त्याचा डोस डॉक्टरांना आवरता घ्यावा लागतो. म्हणजे झाडातून आलेलं औषधच नसांचं दुखणं लावून देऊ शकतं. बचनाग ही विषारी वनस्पती, तो तर बेताबाहेर पोटात गेला की हृदयाचे ठोके बिघडवून जीव घेतो. द्रव्य झाडातून आलं की कारखान्यातून, याचं शरीराला काही नसतं. किती आलं आणि कुठे पोचलं, एवढंच त्याला कळतं. हळदीतलं कर्क्युमिन घ्या. प्रयोगशाळेत ते पुष्कळ काही करून दाखवतं, पण पोटात घेतलं की रक्तात फारच थोडं उतरतं. त्यामुळे ‘झाड माहीत आहे’ म्हणजे ‘औषध माहीत आहे’ असं होत नाही. द्रव्य वेगळं काढायचं, ओळखायचं, मोजायचं, त्यानं काय बिघडतं ते तपासायचं. मुलीला हेच काम करायचंय.

आणि मिरचीचंच पुढे ऐका, तुम्ही संकेश्वरी मिरचीच्या मुलखातले आहात. ब्याडगी रंग देते पण झोंबत नाही, लवंगी झोंबते. हा फरक कॅप्सायसिन या द्रव्याचा. नसांच्या टोकांवरचा कोणता प्रथिन-रेणू त्यामुळे जागा होतो, ते अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये शोधलं. उकळत्या चहाचा चटकाही तोच रेणू ओळखतो, म्हणून तिखट आपल्याला ‘जाळतं’. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत विभागून मिळालं. नागिणीनंतरच्या याच दुखण्यावर ८ टक्के कॅप्सायसिनच्या पट्टीला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली. ती पट्टी दवाखान्यात, हातमोजे घालून, तासभर लावतात. कातडीतली नसांची टोकं काही काळ निकामी होतात आणि ज्यांना गुण येतो त्यांचं दुखणं काही आठवडे, कधी तीन महिनेही कमी राहतं. मामींचा अंदाज दिशेनं खोटा नव्हता, पण मोजमाप नसल्यानं आजींना दोन तास रडावं लागलं. घरी मिरची वाटून कुणालाही लावू नका, हे मी हात जोडून सांगते.

वाटा थोडक्यात सांगते. मला तिच्यासाठी बी.फार्म, म्हणजे औषधनिर्माणाची पदवी, पटतं, केसीईटी या कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेतून. पुढे एम.फार्मला औषधी वनस्पतींचा किंवा औषधशास्त्राचा विषय, त्यासाठी जीपॅट ही प्रवेश परीक्षा. रसायनशास्त्रातून बी.एस्सी., एम.एस्सी. करूनही इथे पोचता येतं. गाव सीमावादात महाराष्ट्रानं मागितलेल्या ८६५ गावांच्या यादीत असेल तर महाराष्ट्रातल्या सीमाभागाच्या जागांसाठी दाखले आत्ताच काढून ठेवा. बी.फार्म म्हणजे मेडिकलचं दुकान, हा समज सोडा. पीएच.डी.पर्यंत दहा वर्षं जातील, हेही लपवत नाही. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं. श्रीमंती नाही, पण त्या वयात कुणापुढे हात पसरावा लागत नाही. आणि उद्या तिनं स्वतःहून म्हटलं की मला एमबीबीएस करून दुखण्याचीच डॉक्टर व्हायचंय, तर तीही चांगली वाट आहे. फक्त ते तिच्या तोंडून येऊ दे.

पैसे भरलेत ते परत मिळतात का ते विचारा. नाही मिळाले तर गेले समजा. त्या पैशांपायी तिचं वर्ष देऊ नका.

एखाद्या दिवशी तिला घेऊन बेळगावला या. नेहरूनगरला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे, औषधी वनस्पतींवर तिथे काम चालतं. आधी पत्र पाठवून बघायची परवानगी मागा. पत्र तिलाच लिहू द्या, मराठी शाळेतून आलेल्या मुलीचं इंग्रजी अडखळेल, अडखळू दे.

आणि त्याच फेरीत आजींनाही आणा. वर्षभर त्या मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या खातायत, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. नसांच्या या दुखण्यावर त्या साध्या गोळ्या फारशा चालत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाच्या किडनीला त्या महागात पडू शकतात. यावर वेगळी औषधं आहेत, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन, पण ती वय आणि बाकीचे आजार बघून डॉक्टरांनीच ठरवायची. मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना मुलीची वही सोबत न्या आणि दुखण्याचं डॉक्टरांना तिलाच सांगू द्या. तुम्ही शेजारी बसून ऐका.

मुलीला एवढा निरोप द्या: वहीत आणखी एक रकाना आख, रात्री आजी किती तास झोपल्या. डॉक्टर ते विचारतील.