मका कुबटला, अंडी खावीत का?

प्रश्न : आगोटीला भरून ठेवलेला मका श्रावणात कुबटला. पोत्याच्या तळाला हिरवट बुरशी दिसते. धुऊन, वाळवून कोंबड्यांना घालावा का? आजवर घातला, त्या अंड्यांचे काय? – वाचक, गुहागर

उत्तर : घालू नका. हिरवट-पिवळी बुरशी बहुधा ॲस्परजिलस फ्लेव्हसची असते आणि तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष दाण्यात मुरते. धुतल्याने वरची बुरशी निघते, पण दाणा आणखी ओला होतो. उन्हाने नवी वाढ थांबते, तयार झालेले विष राहते. ते उकळूनही जात नाही, त्यामुळे ‘अंडे उकडूनच खातो’ यावर विसंबता येत नाही.

अंड्यांची धास्ती मात्र घेऊ नका. खाद्यातल्या अफ्लाटॉक्सिन बी-१ चे (या विषाच्या एका प्रकाराचे) अंड्यातले प्रमाण ढोबळमानाने पाच हजारांत एक. किलोभर खाद्यात १०० मायक्रोग्रॅम असले, तर किलोभर अंड्यांत ०.०२ मायक्रोग्रॅमच्या आसपास. कुबट शेंगदाणे किंवा बुरसटलेले खोबरे थेट पोटात जाणे याहून कितीतरी घातक. तरीही बी-१ मुळे यकृताचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे, म्हणून खाद्य आजच बदला आणि पुढचा आठवडाभर ती अंडी खाऊ-विकू नका. विषाचा अंश अंड्यापेक्षा काळजात (यकृतात) जास्त साठतो, तेव्हा या दिवसांत कोंबडी कापलीच तर काळीज टाकून द्या.

खरा मार कोंबडीला बसतो. अंडी घटतात, लहान होतात, लस दिली तरी रोग येतो. मेलेल्या कोंबडीचे काळीज पिवळट, ठिसूळ दिसते. बदकांना तर हे विष त्याहून लवकर बाधते.

नाकारलेला मका गाईपुढे टाकण्याची चूक सर्रास होते. दुधात या विषाचा वाटा अंड्याच्या कितीतरी पट उतरतो. नाक-तोंड बांधून मका खड्ड्यात पुरा.

पुढच्या वर्षी मका घेतानाच ओल तपासा. कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश मका आणि दोन-तीन चमचे मीठ घालून मिनिटभर हलवा, मग पंधरा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. आपल्याकडे पावसात मीठच पाझरते, म्हणून आधी ते तव्यावर कोरडे भाजून गार करा. साठवायला १३ टक्क्यांच्या आतला मका हवा. कोरडा दाणाही पावसाळी हवेत उघडा राहिला तर ओल धरतो, त्यामुळे तो घट्ट झाकणाच्या ड्रममध्येच ठेवा. ओला मका मात्र ड्रममध्ये कोंडू नका, आतून घाम सुटून तो लवकर कुजतो. पोती ठेवायचीच तर जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीला न टेकवता. भरडा आठवड्यापुरताच काढा, कारण फुटलेल्या दाण्यावर बुरशी लवकर धरते. पेंडीलाही हाच नियम.

प्रश्न : टॉक्सिन बाइंडर (विष धरून ठेवणारी पूड) घातला तर खराब खाद्य चालेल का? – वाचक, कुडाळ

उत्तर : नाही. बेंटोनाइटसारखी माती कोंबडीच्या आतड्यात अफ्लाटॉक्सिन धरून ठेवते, पण ऑक्राटॉक्सिन आणि टी-२ या बुरशीच्या दुसऱ्या विषांवर तिचा उपयोग फार कमी. चांगल्या दिसणाऱ्या खाद्याला जोड म्हणून, पुडीवरच्या मापाने, आधी मूठभर भरड्यात कालवून मग सगळ्यात मिसळा. कॅल्शियम प्रोपिओनेट हे खाद्यात मिसळायचे रसायन बुरशी रोखते, पण झालेले विष नष्ट करत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात अंड्याच्या कवचावर काळे ठिपके येतात. पुसून वापरावे का? – वाचक, अलिबाग

उत्तर : ठिपके पुसून जात असले, तरी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरून पाहा. आत काळे डाग असतील, तर बुरशी कवचाच्या छिद्रांतून शिरली आहे. ते अंडे फेका, डाग काढून उरलेले वापरू नका. साठवायची अंडी पाण्याने धुऊ नका, वरचा संरक्षक थर निघतो. ओलसर कागदी ट्रे पुन्हा वापरू नका. फ्रीजमधून काढलेल्या अंड्यांना घाम येतो, म्हणून लागतील तेवढीच बाहेर काढा.