आपली वाट परिस्थिती ठरवते, की समोर आलेले पर्याय?

तुम्ही लिहिलंय की तुमचं वय 29 आहे. घरात सगळ्यांनी कॉमर्स घेतलं म्हणून तुम्हीही घेतलं, हिशेबाच्या नोकरीत स्थिरावलात, आणि अलीकडे निरनिराळी कामं करणारी माणसं भेटू लागल्यापासून एकच विचार छळतोय: हे सगळं आधी दिसलं असतं तर मी वेगळाच कुणी झालो असतो का? शिवाय धाकटी बहीण आठवीत आहे, तिच्यासाठी काय करता येईल, हेही विचारलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, बहुधा झाला असता. त्यात तुमची कुवत किंवा जिद्द कमी पडली असं मला मुळीच वाटत नाही. जगात असलेल्या सगळ्या पर्यायांतून कुणीच निवड करत नाही. जे नजरेस पडले आणि त्यातही जे 'आपल्यासारख्यांचं काम' वाटले, तेवढ्यांतूनच आपण निवडतो. बाकीचे आपण नाकारलेले नसतात, ते मनात आलेलेच नसतात.

हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटंट मिळवणाऱ्या सुमारे 12 लाख लोकांच्या नोंदी कर खात्याच्या नोंदींशी जोडून पाहिल्या. सर्वांत श्रीमंत 1 टक्का घरांतली मुलं, मध्यम उत्पन्नापेक्षा खालच्या घरांतल्या मुलांच्या तुलनेत, पेटंट घेण्याची शक्यता दहापट होती. कुणी म्हणेल, ती मुलं हुशार असतील. पण तिसरीतले गणिताचे गुण विचारात घेतले तरी या फरकाचा एक तृतीयांशही उलगडा होत नव्हता. गणितात पुढे असलेली गरीब घरची मुलंसुद्धा या वाटेला फारशी लागत नव्हती. याहून मला जास्त विचार करायला लावणारी गोष्ट मुलींबद्दलची आहे. ज्या भागात एखाद्या विशिष्ट तंत्रज्ञानात स्त्रिया संशोधन करत होत्या, तिथे वाढलेल्या मुली मोठ्या होऊन नेमक्या त्याच तंत्रज्ञानात पेटंट घेण्याची शक्यता वाढत होती. त्या भागातल्या पुरुष संशोधकांचा मुलींवर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे काम दिसणं पुरत नाही, ते करणारं माणूस आपल्यासारखं दिसावं लागतं.

असंच आपल्याकडेही दिसून आलंय. 1993 पासून पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी आरक्षण आलं, आणि पश्चिम बंगालमध्ये कोणत्या गावाचं प्रधानपद राखीव हे सोडतीसारख्या पद्धतीने ठरत असल्यामुळे अभ्यासकांना गावागावांची खरी तुलना करता आली. ज्या गावांत दोन मुदती स्त्री प्रधान होती, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्या स्वतःबद्दलच्या अपेक्षांमधली दरी 32 टक्क्यांनी कमी झाली, आईवडिलांच्या अपेक्षांमधली 25 टक्क्यांनी. शिक्षणातला फरक तर पुसलाच गेला, आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळ घटला. तिथे तरुण स्त्रियांसाठी नोकऱ्या वाढल्या होत्या असंही नव्हतं. बदललं होतं ते रोज समोर दिसणारं एक माणूस.

माझ्या बाबतीत हे कसं घडलं तेही सांगतो. मला चित्रं काढायला आवडायचं आणि जीवशास्त्र आवडायचं, पण या दोन्हींचा एकमेकांशी संबंध असू शकतो हे कुणी सांगितलं नव्हतं. चित्रकार नाहीतर चित्रकलेचा शिक्षक, एवढेच दोन पर्याय मला माहीत होते, आणि दोन्हींना घरून ठाम नकार होता. बारावीनंतरच्या सुट्टीत ओळखीतून एका बाईंच्या टेबलाशी बसायला मिळालं. त्या वैद्यकीय पुस्तकांसाठी आकृत्या काढत. त्या दिवशी हृदय चाललं होतं. कागदावर आधी पेन्सिलीची फिकट रेघ, मग बारीक निबने ठिपक्यांवर ठिपके, जिथे स्नायू जाड तिथे ठिपके दाट. बाजूला डॉक्टरांनी लाल पेन्सिलीने दुरुस्त्या केलेला आधीचा कागद. फुप्फुसाकडे जाणारी धमनी त्यांनी निळी रंगवली तेव्हा मी न राहवून म्हटलं, "मॅडम, धमनी तर लाल असते ना?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "हिच्यातून ऑक्सिजन कमी असलेलं रक्त जातं. रंग नावाला नाही, रक्ताला द्यायचा." त्या एका वाक्यात मला कळलं की इथे चित्र काढायला शरीर समजावं लागतं, आणि मला नेमकं तेच हवं होतं. आज माझं पोट याच कामावर चालतं. मेहनत मीच केली, पण ते टेबल मी शोधलं नव्हतं. शोधायला ते आहे हे माहीत असावं लागतं.

कर्तबगार माणसांच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग गाळतो, याचं मला फार वाईट वाटतं. विजेवरच्या शोधांमुळे नावाजलेला शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा, लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा, हे सगळे सांगतात. पण 1812 मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेतले रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्याने टिपणं काढली, नीट बांधली आणि डेव्हींना पाठवली. तेव्हा जागा नव्हती. पुढच्या वर्षी प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला मारामारीपायी काढून टाकलं, म्हणून जागा झाली आणि फॅरडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लागला. टिपणं त्याची होती. दुकान, तिकीट आणि रिकामी जागा यातलं काहीच त्याच्या हातात नव्हतं.

मात्र 'लोकांना माहिती द्या, बाकी ते करतील' हे मला पटत नाही. अमेरिकेत गरीब घरच्या हुशार मुलांना चांगल्या कॉलेजांची माहिती पाठवण्याचा देशपातळीवरचा मोठा प्रयोग झाला, पण त्याने प्रवेशांत काही फरक पडला नाही. उलट मिशिगन विद्यापीठाने अशाच मुलांना पत्र पाठवून एकच ठाम वचन दिलं: प्रवेश मिळाला तर चार वर्षं फी लागणार नाही. यातल्या बहुतेकांना ती सवलत एरवीही मिळालीच असती, नवे पैसे जवळपास नव्हतेच. तरी अर्ज करणाऱ्यांचं प्रमाण 26 टक्क्यांवरून 68 टक्क्यांवर गेलं आणि प्रवेश घेणाऱ्यांचं 12 वरून 27 वर. पर्याय दिसला तरी 'मध्येच पैसे संपले तर?' ही धास्ती पाय धरून ठेवते. घरची परिस्थिती बेताची असलेल्याला ही धास्ती अगदी रास्त असते, त्याला भित्रेपणा म्हणू नये.

आता तुमच्या मनातली भीती, उशीर झाला का. वयाचा फरक पडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. 1994 ते 1998 दरम्यान अमेरिकेतल्या पाच शहरांत सुमारे 4,600 गरीब कुटुंबांना घेऊन एक प्रयोग झाला. त्यातल्या काहींना चिठ्ठ्या टाकून निवडलं आणि बऱ्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत दिली. 13 वर्षांच्या आत जी मुलं तिकडे गेली त्यांची विशीच्या मध्यातली कमाई 31 टक्क्यांनी जास्त होती. त्याहून मोठ्या मुलांना फायदा झाला नाही, थोडं नुकसानच झालं असावं, कारण मुळासकट उपटलं जाण्याचाही त्रास असतो. पण हा अभ्यास वस्ती बदलण्याचा आहे. 29 व्या वर्षी काम बदलता येत नाही, असं त्यातून निघत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर हिशेब सोडला नसता. हिशेब प्रत्येक क्षेत्रात लागतो, हे तुमचं बळ आहे. ज्या कामांबद्दल ऐकून जीव अडकतो, तसं काम जिथे चालतं अशा संस्थेत आधी हिशेबनीस म्हणूनच जा. प्रयोगशाळा, प्रकाशन, प्राणी वाचवणारी संस्था, जे काही असेल ते. पगार चालू राहील आणि रोज ते काम जवळून दिसेल, त्यातला कंटाळवाणा भागसुद्धा. दुरून आवडलेल्या कितीतरी गोष्टी जवळून नकोशा होतात, आणि तेही नोकरी सोडण्याआधी कळलेलं बरं.

बहिणीच्या हातात करिअरची यादी देऊ नका. तिला काम करणाऱ्या दोन-चार बायकांजवळ प्रत्येकी एक पूर्ण दिवस बसवा, ओळख काढून, विनंती करून. त्या फार मोठ्या नावाच्या नसल्या तरी चालतील, तिच्याच परिस्थितीतून आलेल्या असल्या तर जास्त चांगलं. आणि तिच्या पुढच्या शिक्षणासाठी घरातून नक्की किती पैसे उभे राहतील, कोणत्या शिष्यवृत्त्यांसाठी ती पात्र आहे, हे आताच कागदावर लिहून काढा. आईवडिलांसमोर बसून तो आकडा तिला सांगा, म्हणजे दहावीनंतर अर्ज भरताना तिला ते कुणाला विचारायला नको.