अडकलेले जुने 'सिंगर' शिलाई मशीन घ्यावे का?

जुन्या बाजारात पाहिलेले, चाक अडकलेले 'सिंगर'चे पायाने चालवायचे शिलाई मशीन घ्यावे का आणि घेतल्यास त्याला नवा रंग द्यावा का, असे आपण विचारले आहे. अडकलेल्या चाकाला घाबरू नये. रंग मात्र मुळीच देऊ नये, कारण त्याखाली मूळ सोनेरी नक्षी जाते.

पैसे देण्यापूर्वी सुईजवळची सरकपट्टी (सरकवून उघडायची धातूची पट्टी) उघडून आतील शटल (खालचा दोरा वरच्या दोऱ्यात गुंतवणारा भाग) पाहावे. गोल बॉबीनचे (खालच्या दोऱ्याच्या रिळाचे) '15 के' मॉडेल असेल (हा 'के' म्हणजे स्कॉटलंडमधील क्लाइडबँकचा, 1980 मध्ये बंद झालेला किल्बोवी कारखाना), तर निश्चिंतपणे घ्यावे, कारण याच रचनेवर पुढे जपानमध्ये आणि आपल्याकडेही असंख्य मशीने निघाली आणि तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात. बंदुकीच्या गोळीसारखे लांबट शटल असलेले 27 किंवा 28 क्रमांकाचे मॉडेल असेल, तर ते शटल आणि लांब बॉबीन जागेवर असल्याशिवाय सौदा करू नये.

चाक अडकण्यामागे बहुधा गंज नसतो, तर वर्षानुवर्षे वाळून डिंकासारखे झालेले तेल असते; घरोघरी खोबरेल घातले जाई, त्याचा हा परिणाम. तेलाच्या प्रत्येक छिद्रात रॉकेलचे थेंब सोडून रात्रभर ठेवावे, शटलमागे गुंतलेला दोरा चिमट्याने काढावा आणि चाक जोर न लावता पुढेमागे हलवत राहावे. ते सुटायला कधी चार दिवसही लागतात. मोकळे झाल्यावर रॉकेल पुसून मशीनचे तेल घालावे, अन्यथा धातू कोरडाच घासत राहतो.

रॉकेल सोनेरी नक्षीवर सांडू देऊ नये आणि स्पिरिट तर तिच्या जवळही नेऊ नये, कारण नक्षीवरील लाखेचा थर स्पिरिटमध्ये विरघळतो. माझ्या आजीच्या मशीनवर मी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि अर्धी वेलबुट्टी कापसावर उतरली; ती परत आणता आली नाही, याचे दुःख आजही आहे. मशीनच्याच तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने, आधी मागच्या बाजूला तपासून, हलकेच पुसावे.

सुई बसवताना तिची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूस ठेवावी. मग वर लाल, खाली पांढरा दोरा घालून दुपदरी सुती कापडावर शिवून पाहावे. वरच्या बाजूस पांढरे ठिपके दिसले, तर वरचा ताण थोडा सैल करावा. खाली लाल दिसले, तर तो किंचित आवळावा.