फिनलंड की सिंगापूर? अडलं होतं शून्यापाशी

"आमचं मूल चुकीच्या पद्धतीत शिकतंय का?" दर आठवड्याला कुणी ना कुणी पालक मला हे विचारतातच. चौथीतल्या एका मुलाच्या बाबांनी तर दोन देश घरी आणले होते. फिनलंडमध्ये गृहपाठ कमी, म्हणून घरचा अभ्यास बंद. मग 2022च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत गणितात सिंगापूरला 575 आणि फिनलंडला 484 गुण असल्याचं वाचलं, नि रोज 40 गणितं सुरू. मुलगा वही उघडेनासा झाला.

"मॅडम, खरं कोणाचं?"

पिसा ही 15 वर्षांच्या मुलांची चाचणी, आणि 2003 मध्ये याच फिनलंडला गणितात 544 गुण होते; नुसत्या गुणांवरून पद्धत ठरवता येत नाही. तिथे अडलेल्या मुलाला शाळेतच जादा मदत मिळते. ती मागे ठेवून फक्त गृहपाठ बंद केला, तर मुलाचा सराव तेवढा जातो. सिंगापूरच्या गणितात आधी वस्तू, मग चित्र, शेवटी अंक. हा क्रम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या विचारातून आला आणि माझाही भरवसा त्यावरच आहे. बाबांनी थेट शेवटची पायरी उचलली होती.

तिसऱ्या भेटीत मुलाला म्हटलं, 612 भागिले 6 मोठ्याने बोलत कर. बाबांनी मध्ये बोलायचं नाही.

"सहा एके सहा. 1ला भाग जात नाही. 2 खाली घेतले, 12. सहा दुणे बारा." उत्तर लिहिलं 12.

मी कागदी कार्डं मांडली: शतकाची 6, दशकाचं 1, एककाची 2. सहा जणांत वाटायला सांगितलं. शतकं वाटून झाली. दशकाचं एकच कार्ड हातात धरून तो थांबला.

"हे कुणालाच पुरत नाही. सुटे करावे लागतील."

"मग प्रत्येकाच्या दशकाच्या घरात काय आलं?"

बराच वेळ गेला. मीही गप्प राहिले. उत्तर सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा निसटलं असतं. त्याने स्वतःहून 1 आणि 2च्या मध्ये शून्य लिहिलं.

बाबा हळूच म्हणाले, "मी देश बदलत बसलो, आणि याचं शून्यापाशी अडलं होतं."

आता रोज 20 मिनिटं, 3 गणितं: पहिलं कार्डांनी, दुसरं चित्र काढून, तिसरं नुसत्या अंकांत. शेवटी गुणून ताळा. 12 सक 72, म्हणजे चूक मुलालाच दिसते. कार्डं घाईने काढून घेऊ नका, मूल पुन्हा पाठ केलेल्या रीतीकडे वळतं. आणि शाळेत सुधारणा हवी असेल, तर पालकसभेत आधी एवढं विचारा: वर्गात मूल अडलं की त्याच्याजवळ कोण बसतं, आणि कधी?