अथणीच्या द्राक्षपट्ट्यात सायकल: रस्ता, महिना आणि वेळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावहून जायचंय, रोडबाइक आहे, टायर 25 मिमीचे, डिसेंबर-जानेवारीत एका दिवसात 60 ते 80 किलोमीटर, आणि रस्ता द्राक्षबागांमधून जाणारा, डांबरी आणि शांत हवा.

आधी एक गोष्ट. बेळगाव शहराच्या भोवती द्राक्षं शोधू नका. इकडे पाऊस जास्त, त्यामुळे भात, ऊस, भाजीपाला, आणि पुढे खानापूरकडे जंगल. द्राक्षाला कोरडी हवा आणि निचऱ्याची हलकी, मुरमाड जमीन लागते. ती बेळगाव जिल्ह्यातल्याच अथणी तालुक्याच्या उत्तर आणि पूर्व भागात आहे, तिथून विजयपूर जिल्ह्यातल्या तिकोट्यापर्यंत, आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रात मिरज पूर्व, कवठेमहांकाळ, जत या बाजूला. म्हणजे सायकल गाडीत टाकून अथणीला पोचायचं आणि तिथून चालवायला सुरुवात करायची. एका दिवसात बेळगावहून सायकलवर जाऊन परत येण्याचा हा विषय नाही.

अथणीच्या दक्षिणेला कृष्णाकाठ आहे. शेडबाळ, उगार, ऐनापूर ही सगळी काळ्या जमिनीची, उसाची गावं. नोव्हेंबरपासून साधारण मार्चपर्यंत साखर कारखान्यांचा हंगाम असतो आणि त्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. ट्रॉलीबाहेर दोन्ही बाजूंना ऊस आलेला असतो, मागे दिवा नसतो, आणि ओव्हरटेक करताना मागची ट्रॉली आत झोल खाते. रस्त्यावर पडलेलं पाचट दंवाने ओलं झालं की अरुंद टायर वळणावर सरळ निसटतो. नकाशावर नदीकाठचे रस्ते बारीक आणि मोहक दिसतात, पण तुम्ही म्हणताय त्या महिन्यांत ते टाळाच. कागवाड-अथणी हा साधारण 40 किलोमीटरचा मुख्य रस्ता ही सीमारेषा धरा आणि त्याच्या उत्तरेलाच राहा.

पहिली फेरी मी ही सुचवेन: अथणीहून विजयपूरच्या मुख्य रस्त्याने ऐगळी क्रॉसपर्यंत (म्हणजे ऐगळीच्या फाट्यापर्यंत), तिथून आत ऐगळी, मग कोहळ्ळी, अडहळ्ळी आणि परत अथणी. सगळ्यात दाट बागा या टापूत आहेत. मुख्य रस्त्याचा तुकडा सकाळी पहिल्यांदाच उरकून घ्या, कारण दहानंतर त्यावर बस आणि ट्रक वाढतात. आतले रस्ते एकेरी डांबराचे आहेत. समोरून जीप आली की कुणीतरी साइडपट्टीवर उतरायचं असतं, आणि ते तुम्हीच उतरा. साइडपट्टी मुरमाची असते आणि डांबराची कड बऱ्याच ठिकाणी बोटभर उंच असते. परत वर चढताना चाक कडेला समांतर ठेवलं तर टायर घसरून पडायला होतं. वेग कमी करून, चाक जरा आडवं धरून चढवा. वर्तुळ 50 ते 60 किलोमीटरचं आखा आणि एखादा फाटा चुकणार हे धरून चला. पाय मजबूत असतील तर याच बाजूला तेलसंगपर्यंत वाढवता येतं.

दुसरी फेरी मिरजेकडून येणाऱ्यांना सोयीची: आरग, बेळंकी, सलगरे, मग सीमा ओलांडून मदभावी, अनंतपूर आणि खाली अथणी. आरग-बेडगचे पानमळे आधी लागतात, सलगऱ्यापासून द्राक्ष सुरू होतं. सीमेजवळचा एक-दोन किलोमीटरचा तुकडा बहुतेकदा सगळ्यात खराब निघतो, कारण दोन्हीकडचं बांधकाम खातं आपापल्या हद्दीपाशी थांबतं. 25 मिमीच्या टायरवर तिथे उतरून चालणं शहाणपणाचं. ही फेरी एकतर्फी ठेवून अथणीला गाडी बोलावली तर दिवस आरामात पुरतो.

तिसरा टापू विजयपूर जिल्ह्यातला, तिकोट्याच्या उत्तरेला होनवाड, कनमडीकडे. उघडं माळरान, सावली जवळजवळ नाही. बागा सलग नाहीत, तुकड्या-तुकड्यांनी आहेत. पहिल्या दोन फेऱ्या झाल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

आता मुख्य मुद्दा. या भागात रस्ता शांत आहे की नाही, हे नकाशावरून ठरत नाही, बागेच्या कामावरून ठरतं. फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. त्यानंतर फूट, फुलोरा आणि घडाच्या वाढीच्या काळात डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांच्या भीतीने फवारणी सतत चालते, आणि ढगाळ हवा किंवा धुकं पडलं तर रोजच्या रोज. वारा पडलेला असतो म्हणून बागायतदार पहाटे आणि संध्याकाळी फवारतात, म्हणजे नेमकं सायकलवाल्याच्या आवडत्या वेळेला. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणूनच टाळा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ बरा: वेल पूर्ण हिरवे, घड लटकलेले, फवारण्या कमी झालेल्या. कमी म्हणजे बंद नव्हे. वेलींच्या वर पांढरा धूर उठताना दिसला किंवा ब्लोअरचा (ट्रॅक्टरला जोडलेल्या, पंख्याने औषध उडवणाऱ्या फवारणी यंत्राचा) घुमणारा आवाज आला, तर 100-150 मीटर आधीच थांबा, वारा कुठून येतोय ते पाहा आणि ट्रॅक्टर ओळीच्या दुसऱ्या टोकाकडे वळल्यावर पटकन निघून जा. ओळ संपल्यावर ट्रॅक्टर वळायला रस्त्यावरच येतो आणि चालवणाऱ्याला ब्लोअरच्या आवाजात तुमची घंटी ऐकू जात नाही. तोंडाला झाकण असलेलीच पाण्याची बाटली घ्या. उघड्या तोंडावर औषधाचा थर बसतो आणि तेच तोंडात जातं.

फेब्रुवारी ते एप्रिल हा काढणीचा आणि बेदाण्याचा हंगाम. पिकअप गाड्या, क्रेट, मजुरांच्या जीपा यांनी आतले रस्तेही गजबजतात. जाळी लावलेल्या शेडमध्ये रॅकवर माल वाळत असतो आणि पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. दमा असेल तर त्या शेडच्या वाऱ्याखालून जाऊ नका. एप्रिलमध्ये खरडछाटणी (काढणीनंतरची छाटणी) झाली की बागा उघड्या पडतात आणि ऊन चाळिशीला टेकतं. तेव्हा इथे सायकल चालवण्यात काही अर्थ नाही.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. हिवाळ्यात तो बहुतेक पूर्वेकडून येतो आणि ऊन चढलं की जोर धरतो. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. उजाडताच निघून आधी पूर्वेकडे जा, तोपर्यंत वारा पडलेला असतो, आणि परतीला तोच पाठीवर घ्या. उलट फिरलात तर शेवटचे 20 किलोमीटर उन्हात समोरच्या वाऱ्याशी झगडण्यात जातील. या भागात मोठे चढ नाहीत, लांब लाटांसारखे उतार-चढ आहेत. गिअरमध्ये पुढच्या लहान चक्राला 34 आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला 28 दात असतील तर कुठेही अडणार नाही.

25 मिमीचे टायर बदला. फ्रेममध्ये बसत असतील तर 28, आणखी जागा असेल तर 32. सत्तर किलोच्या माणसाला 28 मध्ये पुढे 70 आणि मागे 75 पीएसआय पुरे, 32 मध्ये 55 आणि 60. जास्त हवा भरली की खडबडीत डांबरावर सायकल उडते, पकड जाते आणि मनगटं दुखतात. पंक्चरची कारणं इथे तीन: वेड्या बाभळीचा काटा, सराटा, आणि बांधणीच्या तारेचे तुकडे. तिसरं फक्त द्राक्षपट्ट्यात भेटतं. वेल चढवलेल्या तारांच्या मंडपाची दुरुस्ती झाली की तारेची टोकं बांधावरून रस्त्यावर येतात. ट्यूब बदलताना टायर आतून बोटाने नव्हे, कापडाच्या चिंधीने फिरवून तपासा. तारेचं टोक चिंधीला अडकतं, बोटाला रुतत नाही. ट्यूबलेस असेल तर 32 च्या टायरला 40-45 मिली सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) घाला आणि इथल्या उष्ण हवेत दर दोन-तीन महिन्यांनी पाहा, ते सुकतं. दोन ट्यूब, पॅच, पंप आणि प्रेस्टा व्हॉल्व्हचा (रोडबाइकच्या बारीक व्हॉल्व्हचा) अडॅप्टर न विसरता घ्या. गावातल्या पंक्चरवाल्याकडे हवा असते, पण त्याची नळी मोटारसायकलच्याच व्हॉल्व्हला बसते.

फोटोसाठी बागेत शिरायचं असेल तर आधी विचारा आणि सायकल बाहेर ठेवा. ओळीच्या टोकाला मंडप ताणून धरणारी तार तिरपी जमिनीत गाडलेली असते. हिरव्या पार्श्वभूमीवर ती दिसत नाही आणि गळ्याच्या किंवा चाकाच्या उंचीला लागते. घड तोडू नका, आणि कुणी दिला तरी धुतल्याशिवाय खाऊ नका. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं हे बागायतदाराला माहीत असतं, म्हणून त्यालाच विचारा. ठिबकच्या पाइपमधून किंवा बागेतल्या टाकीतून बाटली भरू नका, त्या पाण्यातून खत सोडलेलं असतं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरून 750 मिलीच्या दोन बाटल्या घ्या आणि गावात दुकान दिसलं की भरून घ्या, पुढच्या गावावर विसंबू नका. वस्तीवरचं कुत्रं धावलं तर उतरा, सायकल मधे धरा आणि चालत पुढे जा. पळालात तर ते पाठ सोडत नाही.

अथणीच्या बाजाराच्या गावात मराठीवर भागतं, आतल्या वाड्या-वस्त्यांवर कन्नड जास्त. वडीलधाऱ्यांना अण्णा किंवा अज्जा म्हणून हाक मारा, बाईमाणसाला अक्का. बलक्क म्हणजे उजवीकडे, एडक्क म्हणजे डावीकडे, नेट्टग म्हणजे सरळ. फाट्याला सगळेच क्रॉस म्हणतात. आतल्या फाट्यांवरच्या पाट्या बऱ्याचदा फक्त कन्नडमध्ये असतात, म्हणून फेरीतल्या गावांची नावं कन्नड लिपीत लिहून हँडलबारला चिकटवून ठेवा आणि नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या.