पाखरांची विचारपूस : लांब शेपटीचा टकाचोर

प्रश्न : आमच्या आवारातल्या आंब्यावर तांबूस-काळ्या रंगाचा, लांब शेपटीचा पक्षी येतो. कोणी भारद्वाज म्हणतं, कोणी टकाचोर. ओळखायचा कसा?

उत्तर : आधी रंगांची वाटणी बघा. भारद्वाजाचं अंग काळं आणि पंख तेवढे विटकरी. टकाचोराचं नेमकं उलट : पाठ-पोट तांबूस, पंख काळे आणि पंखावर राखी-पांढरा मोठा पट्टा. डोकं, मान आणि वरची छाती धुरकट काळी. शेपूट राखाडी, तिचं टोक मात्र रुंद काळं. भारद्वाजाची शेपूट सबंध काळी असते आणि डोळा लालभडक.

अंतर जास्त असेल आणि रंग कळत नसेल, तर चाल बघा. भारद्वाज बराच वेळ जमिनीवर, कुंपणाच्या बुडाशी डुलत चालतो. टकाचोर झाडावरचा पक्षी. फांदीवरून फांदीवर उड्या मारत शेंड्याकडे सरकतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. उडतानाही चटकन कळतो : चार-सहा वेळा भरभर पंख मारायचे, मग पंख आणि शेपूट पसरून थोडं तरंगायचं, पुन्हा पंख मारायचे. त्यामुळे उड्डाणाची रेघ वर-खाली होत जाते आणि पंखांवरचे पांढरे पट्टे लखकन चमकतात.

देह साळुंकीएवढा. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत 45 ते 50 सेंमी भरतो, पण त्यातली जवळपास निम्मी लांबी शेपटीचीच. मधली दोन पिसं सर्वांत लांब, बाजूची उतरत्या क्रमाने आखूड. विणीच्या दिवसांत ही पिसं झिजतात किंवा मोडतात, तेव्हा फक्त शेपटीच्या लांबीवर भिस्त ठेवू नका. नर-मादी दिसायला सारखेच. डोक्याचा रंग फिकट तपकिरी वाटला, तर ते बहुधा त्या वर्षीचं पिल्लू.

गोव्याच्या खाली, सह्याद्रीच्या दाट जंगलात पांढऱ्या पोटाचा टकाचोर भेटतो. त्याचा चेहरा आणि गळा काळा, पण डोक्याची मागची बाजू, मान आणि पोट स्वच्छ पांढरं असतं, त्यामुळे तिथे घोटाळा होत नाही.

प्रश्न : एकाच झाडावरून कधी गोड शीळ, कधी करकर ऐकू येते. हा एकच पक्षी आहे का?

उत्तर : असू शकतो. टकाचोराकडे आवाजांचा मोठा साठा आहे. तीन तुकड्यांची घोळदार हाक (साधारण ‘को-की-ला’च्या चालीवर) ही जोडीदाराशी बोलण्याची. खरखरीत ‘के-के-के-के’ ही चिडल्याची किंवा धोक्याची. मांजर, साप किंवा घुबड दिसलं की हीच करकर सुरू होते आणि बुलबुल, कोतवाल, सातभाईही गोळा होतात. पक्षी शोधायचा तर गोड हाकेपेक्षा या गोंगाटाच्या दिशेने जा. झाडाकडे सरळ चालत जाऊ नका, तो पलीकडच्या बाजूने सटकतो. थोडं लांब, आडोशाला थांबा. तो पुन्हा उघड्या फांदीवर येतो.

प्रश्न : बुलबुलाची पिल्लं टकाचोराने उचलली. त्याला हुसकावावं का? बागेला त्याचा काही उपयोग तरी आहे का?

उत्तर : हुसकावून उपयोग नाही, आणि गरजही नाही. तो कावळ्याच्या कुळातला, म्हणजे मिळेल ते खाणारा : फळं, किडे, अळ्या, पाली-सरडे, अंडी, पिल्लं, उंदीर, मेलेलं जनावर. वड-उंबर पिकले की तिथे हमखास सापडतो. कवंडळाची फळं सस्तन प्राण्यांना विषारी, ती हा पचवतो. ताडमाडाच्या बागांत सोंड्या भुंग्याच्या अळ्या खातो म्हणून दक्षिणेत त्याला शेतकऱ्याचा मित्र मानतात. सांबर-चितळांच्या अंगावरचे गोचीड टिपतानाही दिसतो. उरलेलं खाणं सालीच्या फटीत दडवून ठेवायची सवयही आहे.

रिकामं घरटं सापडलं म्हणून गुन्हा टकाचोराचाच, असं समजू नका. साप, भारद्वाज, कावळा, खार, सगळेच संशयित. माणसाच्या हातात आहे ते एवढंच : घरट्याभोवतीची पानं फोटोसाठी वाकवू किंवा तोडू नका. बहुतेक वेळा घरटं उघडं पडतं ते यामुळेच. रोज डोकावू नका. तुम्ही कुठे जाता यावर कावळ्याच्या कुळाची नजर असते. नायलॉनची जाळी तर लावूच नका, तिच्यात बुलबुलच अडकून मरतो. बुलबुलाची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात, आणि पिल्लं उडायला जवळपास तेवढेच दिवस. घरटं गेलं तरी त्याच हंगामात जोडी बहुधा पुन्हा बांधते.

प्रश्न : झाडांची छाटणी करायची आहे. टकाचोराचं घरटं कधी असतं?

उत्तर : मुख्यतः फेब्रुवारी ते जुलै, जागेप्रमाणे मागेपुढे होतं. मध्यम उंचीच्या झाडावर, दाट पानांत, काटक्यांचं (बहुतेकदा काटेरी) घरटं, आत बारीक मुळांचं अस्तर. अंडी सहसा 4 किंवा 5, दक्षिणेत कमी. बांधणीपासून पिल्लं भरवण्यापर्यंत नर-मादी दोघंही राबतात. छाटणी पावसाळा संपल्यावर करा. पडलेलं पिल्लू पाळायला घेऊ नका : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली ते बेकायदेशीर आहे. धडधाकट, पिसं फुटलेलं पिल्लू जवळच्या फांदीवर ठेवून बाजूला व्हा, आई-बाप येतात. जखमी असेल तर वन विभागाला कळवा.

प्रश्न : रणथंबोरला टकाचोर हातावर येऊन बिस्किट खातात. दिलं तर काय बिघडतं?

उत्तर : देऊ नका. बिस्किटात मीठ, साखर आणि मैदा, त्यातून त्याला काही पोषण नाही. शिवाय वाहनांची भीती गेलेला पक्षी चाकाखाली येतो. फोटो हवा असेल तर तो बिनखाण्याचाही जवळ बसतो, इतका धीट झालेला आहे.

प्रश्न : डोक्यावर पुढे वळलेला तुरा, निळी पाठ आणि प्रचंड शेपूट असलेला एक पक्षी चित्रात पाहिला. तो भारतात दिसतो का?

उत्तर : नाही. वर्णनावरून तो मॅगपाय-जे, टकाचोराचा अमेरिकेतला नातलग. काळ्या गळ्याची जात वायव्य मेक्सिकोत, प्रशांत महासागराच्या बाजूला राहते. पांढऱ्या गळ्याची मेक्सिकोपासून कोस्टा रिकापर्यंत. दोन्ही कोरड्या, पानगळीच्या रानात रमतात. काळ्या गळ्याच्या पिल्लाचा गळा फिकट असतो, म्हणून नवखे फसतात. पांढऱ्या गळ्याच्या टोळीत सत्ता माद्यांची : मुली घरी राहून आईच्या पिल्लांना भरवतात, मुलगे दुसरीकडे निघून जातात. भारतात निळी लांब शेपूट बघायची असेल, तर उत्तराखंड-हिमाचलात लाल आणि पिवळ्या चोचीचे निळे मॅगपाय शोधा. पिवळ्या चोचीचा साधारणपणे जास्त उंचीवर मिळतो.