टॉमी लसोर्डा गेल्यावर लोक इतके का रडले? मॅनेजर तर स्वतः खेळतही नाही!

तुम्ही लिहिलंय की शाळेच्या बेसबॉल संघाची जबाबदारी तुमच्याकडे नुकतीच आली आहे. अमेरिकेतले बेसबॉल मॅनेजर (म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक) टॉमी लसोर्डा यांच्या निधनानंतरचे व्हिडिओ तुमच्या पाहण्यात आले आणि ‘जो माणूस डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या संघाच्या बाकांवर) नुसता बसून असतो त्याच्यासाठी लोक एवढे का रडले’ ते कळेना. शिवाय शिकवण्याच्या कामात त्यांच्याकडून काय घेता येईल, असंही विचारलंय. मी प्रशिक्षक नाही. पण ‘नुसता बसून असतो’ हे शब्द आमच्या घरात मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे, त्यामुळे उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

एक तर लसोर्डा बसत नसत. डगआउटच्या कठड्याशी उभे राहून ओरडायचे, पंचांशी भांडायचे, धाव काढून आलेल्या पोराला कडकडून मिठी मारायचे. १९७६ च्या सप्टेंबरअखेर ते लॉस एंजलिस डॉजर्स या संघाचे मॅनेजर झाले आणि १९९६ च्या जूनमध्ये हार्ट अटॅक येईपर्यंत राहिले. १,५९९ सामने जिंकले, १९८१ आणि १९८८ अशा दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिका, जिंकल्या. पुढे २००० साली सिडनी ऑलिंपिकला मायनर लीगमधली, म्हणजे खालच्या पातळीवरची, पोरं घेऊन गेले आणि क्युबाला ४-० हरवून अमेरिकेला सुवर्णपदक मिळवून दिलं. हे सगळं कुठेही वाचायला मिळेल आणि त्यासाठी कुणी रडत नाही.

आम्ही लॉस एंजलिसच्या दक्षिणेला सेरिटोसला राहतो, १९८० पासून. शेजारचं कुटुंब मेक्सिकन. शेजारणीचे वडील डॉजर्सचं नावही काढू देत नसत. कारण साधं आहे: आज जिथे डॉजर स्टेडियम उभं आहे त्या चावेझ रवीनच्या टेकड्यांवर मेक्सिकन वस्ती होती, ती उठवली गेली. शेवटची कुटुंबं तर १९५९ साली पोलिसांनी घरातून उचलून बाहेर काढली. १९६२ साली तिथे स्टेडियम सुरू झालं. त्या स्टेडियममध्ये पाऊल टाकणार नाही, अशी म्हाताऱ्याची शपथ होती. मग १९८१ साली लसोर्डांनी हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, नेहमीचा पिचर (चेंडू टाकणारा) जायबंदी झाल्यावर, फर्नांडो व्हॅलेन्झुएला नावाच्या २० वर्षांच्या मेक्सिकन खेड्यातल्या पोराच्या हाती चेंडू दिला. पोराला इंग्रजी येत नव्हतं. लसोर्डा स्वतः इटालियन स्थलांतरितांचे चिरंजीव, तरुणपणी लॅटिन अमेरिकेत हिवाळी बेसबॉल खेळलेले. ते त्याच्याशी स्पॅनिशमध्ये बोलत. फर्नांडोने सुरुवातीचे सलग ८ सामने जिंकले, त्यातल्या ५ सामन्यांत समोरच्या संघाला एकही धाव दिली नाही. आमच्या गल्लीत रेडिओ लागले की दारातून दारात तोच आवाज ऐकू यायचा. शेजारणीच्या वडिलांनी त्या वर्षी शपथ मोडली. स्टेडियमला जाऊन आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, असं ती सांगते.

आता आमच्या घरातली गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला काय म्हणायचंय ते तुम्हाला कळणार नाही.

आम्हाला अमेरिकेत आणलं माझ्या थोरल्या दिरांनी. भाऊजींचे उपकार मी नाकारत नाही, आमचं पहिलं वर्ष त्यांच्याच घरात गेलं. पण एका बाबतीत त्यांचं माझं कधी पटलं नाही. पोरांचं कौतुक करायचं नाही, हा त्यांचा नियम. कौतुक केलं की पोरं डोक्यावर बसतात. पाठ थोपटायची ती निकाल लागल्यावर, आधी नाही. आमचा मुलगा लिटिल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, पिचर होता. हात जोरदार, पण चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नाही. बॅटरमागून बॅटर फुकट पहिल्या बेसवर जायचे. भाऊजी सामना पाहायला यायचे आणि परत येताना गाडीत त्याच्यादेखत म्हणायचे, जमत नसेल तर सोडून दे, अभ्यासाला लाग. आमचे हे मोठ्या भावापुढे गप्प. मी मागच्या सीटवर मुलाचा हात धरून बसायची.

१५ ऑक्टोबर १९८८, शनिवार. नवरात्र चालू होतं आणि भाऊजींच्या घरी भोंडला होता. बाहेरच्या खोलीत पाटावर हत्ती काढलेला, बायका फेर धरून उभ्या, आणि आतल्या खोलीत टीव्हीवर वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना. समोर ओकलंड. त्या हंगामात १०४ सामने जिंकलेला संघ, सगळे म्हणत होते की डॉजर्सचा निभाव लागणार नाही. गाणी संपली, खिरापत ओळखायचा खेळ सुरू झाला आणि आतून माझा नऊ वर्षांचा मुलगा धावत आला, आई, नववी इनिंग! नववी म्हणजे शेवटची. मी फेर सोडून आत गेले. जाऊबाई रागावल्या, ते असो.

डॉजर्स ३, ओकलंड ४. डॉजर्सचे दोन आउट, तिसरा गेला की सामना संपला. चेंडू टाकायला माउंडवर डेनिस एकर्सली, त्या वर्षीचा सगळ्यात भरवशाचा रिलिव्हर, म्हणजे सामना संपवायला आणलेला पिचर. बॅटिंगला माइक डेव्हिस, आणि पुढचा नंबर म्हणून बाहेर उभा डेव्ह अँडरसन, साधारण बॅटर. डेव्हिस आधी ओकलंडकडूनच खेळलेला, त्याची ताकद एकर्सलीला माहीत. अँडरसन सोपा म्हणून डेव्हिसला जपून टाकावं, असं कुणालाही वाटेल. एकर्सलीने जपून टाकलं आणि डेव्हिस चार चेंडू सोडून चालत पहिल्या बेसवर गेला. त्याबरोबर अँडरसन परत आत, आणि डगआउटमधून लंगडत बाहेर आला कर्क गिब्सन. दोन्ही पायांनी अधू, सामन्याआधी खेळाडूंच्या रांगेतही उभा राहिला नव्हता. आत बर्फ लावून बसला होता, तिथेच बॅट फिरवून पाहिली आणि मॅनेजरला निरोप धाडला की एक संधी द्या, मी मारतो. लसोर्डांनी त्याला शेवटपर्यंत कुणाला दिसू दिलं नाही.

पुढचं जगाला माहीत आहे. तीन बॉल, दोन स्ट्राइक, म्हणजे आणखी एक चुकला की खेळ खलास. बाहेरून आत वळणारा स्लायडर, आणि नुसत्या मनगटांच्या जोरावर मारलेला चेंडू उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत. होम रन, डेव्हिसची आणि त्याची मिळून दोन धावा. डॉजर्स ५-४. गिब्सन एका पायावर बेसांना फेरी घालतोय आणि ६१ वर्षांचे, पोट सुटलेले लसोर्डा दोन्ही हात वर करून मैदानात धावतायत. माझा मुलगा सोफ्यावर उभा राहून किंचाळत होता.

भाऊजी खुर्चीतून म्हणाले, “मारला गिब्सनने. हा म्हातारा कशाला नाचतोय? त्याने काय केलं?”

मी म्हटलं, “भाऊजी, अँडरसनला बाहेर कुणी उभं केलं?”

त्यांनी उत्तर दिलं नाही. मला खिरापतीच्या बश्या उचलायला सांगितल्या.

मॅनेजर काय करतो या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. बदललेला खेळाडू परत येत नाही, त्यामुळे कोण कधी, कुणासमोर, हे ठरवणं हेच त्याचं हत्यार. उरलेलं अर्धं उत्तर त्याच सिरीजच्या चौथ्या सामन्याआधी दिसलं. डॉजर्सचे बरेचसे चांगले बॅटर जायबंदी होते. टीव्हीवर बॉब कॉस्टस म्हणाले की वर्ल्ड सिरीजमध्ये उतरलेली ही सगळ्यात कमकुवत फळी असावी. लसोर्डांनी ते ऐकलं आणि खोलीभर ओरडून खेळाडूंना पेटवलं, ऐकलंत का तुमच्याबद्दल काय म्हणतायत! डॉजर्सनी तो सामना ४-३ जिंकला आणि पुढच्या सामन्यात सिरीजही.

भाऊजींच्या मते ही नुसती बडबड. मग ऑरेल हर्शायझरचं काय? १९८४ साली हा बारीकसा, चष्मा लावणारा, बॅटरला घाबरून चेंडू टाकणारा पिचर होता. लसोर्डांनी त्याला ऑफिसात बोलावून घाम फुटेपर्यंत झापलं. पण झापताना म्हणणं हे, की तुझ्या हातात जे आहे ते मोठ्या लीगचं आहे, तू कुणाचा उगाच एवढा मान राखतोस? आणि त्याला ‘बुलडॉग’ नाव ठेवलं. त्याच हर्शायझरने १९८८ साली सलग ५९ इनिंग्ज एकही धाव दिली नाही. तो विक्रम अजून आहे. भाऊजीही झापायचे. पण त्यांच्या झापण्यात ‘तुझ्याकडे नाही’ असायचं आणि लसोर्डांच्या झापण्यात ‘तुझ्याकडे आहे’. मुलाला हा फरक पहिल्या वाक्यात कळतो.

लसोर्डा असे का होते याबद्दल माझं एक मत आहे. ते स्वतः पिचर होते आणि मोठ्या लीगमध्ये त्यांच्या नावावर एकही विजय नाही, चार पराभव आहेत. १९५५ साली, पहिल्या चेंडूपासून पिचर म्हणून उतरलेल्या आपल्या पहिल्या सामन्यात, त्यांनी एका इनिंगमध्ये तीन चेंडू कॅचरच्या (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) हाताबाहेर टाकले, वर होम प्लेटवरच्या टकरीत पाय फाटला. महिनाभरानंतर त्यांना खालच्या संघात धाडलं, कारण सँडी कोफॅक्स नावाच्या १९ वर्षांच्या पोरासाठी जागा हवी होती. ‘जमत नसेल तर सोड’ हे ज्याने ऐकलंय, त्याने वीस वर्षं दुसऱ्या पोरांना ते ऐकू दिलं नाही. असा माणूस गेला की त्याने ज्यांना कधी पाहिलंही नाही, ते लोकही रडतात.

७ जानेवारी २०२१ ला ते गेले, ९३ व्या वर्षी. त्याआधी जेमतेम दहा आठवड्यांपूर्वी टेक्सासमध्ये डॉजर्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली, त्यांच्या १९८८ च्या विजयानंतर थेट ३२ वर्षांनी. ते प्रेक्षकांत बसून पाहत होते. कोविडचा काळ, स्टेडियममध्ये सामने नाहीत, तपासणीसाठी गाड्यांच्या रांगा. गर्दी करता येत नव्हती म्हणून लोकांनी फाटकाबाहेर फुलं आणि निळ्या टोप्या ठेवल्या. मी आणि शेजारीण मास्क लावून गेलो होतो. तिने वडिलांच्या नावाने एक जास्तीचं फूल ठेवलं. व्हिडिओत तुम्ही पाहिलेलं रडणं ते हे.

आमच्या मुलाचं म्हणाल तर तो पुढे मोठा पिचर वगैरे झाला नाही, हायस्कूलपर्यंत खेळला. भाऊजी हेच पुरावा म्हणून पुढे करतात. माझ्या लेखी तो पुरावा नाही. मुलगा पुढली सात-आठ वर्षं आनंदाने मैदानात गेला आणि आज चाळिशी उलटल्यावरही पहिल्यांदा काही करताना घाबरत नाही, हे मी रोज पाहते. भाऊजींच्या स्वतःच्या मुलांनी काय केलं, काय सोडलं, ते इथे लिहिणं बरं दिसणार नाही. लसोर्डांनी पुढे आणलेल्या माइक पियाझाचं नाव काढलं की भाऊजी म्हणतात, वशिला. होय, वशिला होता. वडिलांशी लसोर्डांची मैत्री म्हणून १९८८ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) ६२ व्या फेरीत डॉजर्सनी त्याला घेतलं. पण कॅचर हो, हा सल्ला लसोर्डांचाच. पियाझा आज हॉल ऑफ फेममध्ये आहे आणि कॅचर म्हणून त्याच्याइतके होम रन कुणी मारलेले नाहीत. वशिल्याने दार उघडतं. आत गेल्यावर त्या पोराला मैदानात कुणी घासून तयार केलं, तेही विचारायला हवं.

त्यांचं सगळंच घ्या असं मात्र मी म्हणणार नाही. तोंड अतिशय घाण होतं, शाळेत तसं बोललात तर नोकरी जाईल. १९८५ साली पहिला बेस मोकळा असताना, दोन आउट असताना त्यांनी समोरच्या संघाच्या जॅक क्लार्कला, मुद्दाम फुकट पहिल्या बेसवर धाडायचं सोडून, चेंडू टाकू दिला. क्लार्कने तीन धावांचा होम रन मारला आणि हंगाम तिथे संपला. तो निर्णय चुकीचाच होता, मी त्या दिवशीही हेच म्हटलं. आणि पिचरांचे हात त्यांनी फार वापरले. फर्नांडोने १९८२ पासून सलग सहा हंगाम अडीचशेहून जास्त इनिंग्ज टाकल्या, नंतर तो पूर्वीचा राहिला नाही. हर्शायझरच्या खांद्यावर १९९० साली शस्त्रक्रिया झाली. विश्वास टाकलेल्या माणसाच्या हातून चेंडू काढून घेणं लसोर्डांना जड जायचं, असं मला वाटतं.

तुमच्या हाताखाली लहान मुलं आहेत, तेव्हा इथे लसोर्डांचं ऐकू नका. लिटिल लीगचा नियम धरा: ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडूंच्या वर नाही, ९-१० च्या मुलाला ७५. ६६ किंवा जास्त टाकले तर पुढे चार दिवस पूर्ण विश्रांती. वहीत लिहून ठेवा आणि मोजायला असा मुलगा बसवा ज्याला त्या दिवशी खेळायला मिळालेलं नाही. चेंडू काढून घ्यायला माउंडवर जाल तेव्हा पाठीवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आज काय चांगलं टाकलं ते सांगा. सामना हरलेला असला तरी सांगा.